मे महिन्याची दुपार, 'द ॲडम्स फॅमिली २' आणि भिंतीवरचा अमेरिकेचा नकाशा: पोरांबरोबर हा पिक्चर कसा बघायचा

आधीच सांगून टाकते, हा पिक्चर एका बैठकीत बघू नका. म्हणजे बघता येतो, ९३ मिनिटांचाच आहे, पण एका दमात बघितला तर पोरं शेवटी शेवटी उठून फ्रीज उघडायला लागतात आणि आपण मोबाईल. स्टोरी काही फार भारी नाहीये, खोटं कशाला बोलू. पण यात एक गोष्ट जाम मस्त आहे, ती म्हणजे हा रोड ट्रिपचा पिक्चर आहे आणि ट्रिपला थांबे असतात, आणि आपण पण त्या थांब्यांवर थांबत थांबत गेलो ना तर त्याच ९३ मिनिटांत दोन अख्ख्या दुपारी निघतात, त्याही ४० डिग्रीत पोरं बाहेर न जाता. मी मागच्या मे महिन्यात हे केलं, घरात माझी आठ वर्षांची पोरगी, चंद्रपूरहून आलेला अकरा वर्षांचा भाचा, आणि सोफ्याच्या कोपऱ्यात सासूबाई. तर काय जमलं आणि काय फसलं ते सगळं लिहितेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडम्स फॅमिली हे एक अमेरिकन कुटुंब, ज्यांना जे जे भयानक ते ते आवडतं. चार्ल्स ॲडम्स नावाच्या व्यंगचित्रकाराने १९३८ पासून न्यूयॉर्कर मासिकात ही चित्रं काढली, तेव्हा त्या पात्रांना नावं पण नव्हती, नावं मिळाली ती १९६४ ला टीव्ही सिरीयल आली तेव्हा. मग नव्वदच्या दशकात खऱ्या माणसांचे पिक्चर झाले, २०१९ ला ॲनिमेशनवाला पहिला भाग आला, आणि हा दुसरा भाग १ ऑक्टोबर २०२१ चा. कोरोनाचा काळ होता म्हणून अमेरिकेत थिएटरमधे आणि घरी भाड्याने बघायला एकाच दिवशी आला होता. दिग्दर्शक ग्रेग टियर्नन आणि कॉनराड व्हर्नन, दोन्ही भागांना हीच जोडी.

पहिला भाग बघितलेला नसेल तर अडतं का? नाही. पाच मिनिटांत तोंडी सांगून टाका.

आता तयारी.

सगळ्यात आधी नकाशा. शाळेच्या स्टेशनरीच्या दुकानात उत्तर अमेरिकेचा कोरा नकाशा मागा, नाहीतर मोठा प्रिंट काढून आणा. टाचण्या वगैरेच्या भानगडीत पडू नका, घरात पोरं आहेत, पायात जाते. आम्ही टिकल्या वापरल्या. सासूबाईंचं जुनं लाल टिकल्यांचं पाकीट होतं, एक थांबा एक टिकली, आणि मधे लोकरीचा धागा सेलोटेपने. टिकली लावायचा मान कोणाचा यावरून भांडण होणार म्हणजे होणारच, त्यामुळे पाळी आधीच ठरवून घ्या, एक तुझी एक तिची.

मग माणसांची ओळख. इथे दहा मिनिटं द्या कारण हे कुटुंब उलटं आहे आणि तो उलटेपणा एकदा डोक्यात बसला की पुढचे निम्मे जोक आपोआप कळतात. मी पोरांना एवढंच सांगितलं, यांच्याकडे 'किती भयंकर' म्हटलं की ते 'किती छान' असं ऐकायचं. वाईट हवा पडली की ही लोकं खूष. मग आम्ही पाच मिनिटं घरात तसंच बोलायचा खेळ खेळलो, भाचा म्हणाला आत्या आजची भाजी एकदम भिकार झाली, मी म्हटलं थँक्यू. सासूबाईंना खेळ माहीत नव्हता त्यामुळे त्याला एक धपाटा बसता बसता राहिला.

तर बाबा गोमेझ, उत्साहाचा धबधबा, बायकोवर भयंकर प्रेम. आई मॉर्टिशिया, पांढरीफटक, काळा झगा, आवाज कधी चढत नाही. मुलगी वेन्सडे, दोन वेण्या, कधी हसत नाही, अतिहुशार. तिचं नाव एका जुन्या इंग्रजी बडबडगीतावरून आलंय ज्यात बुधवारी जन्मलेलं मूल दुःखी असतं म्हणे. आमच्याकडे तिचं नाव लगेच बुधवारबाई पडलं आणि अजूनही तेच चालू आहे. धाकटा भाऊ पग्ज्ली, ज्याला बॉम्ब आवडतात. टकला काका अंकल फेस्टर. उंच बटलर लर्च, जो बोलत नाही, नुसता गुरगुरतो. थिंग म्हणजे नुसता मनगटापर्यंतचा एक हात, बाकी माणूस नाहीच, आणि माझ्या पोरीला सगळ्यात जास्त तोच आवडला. कझिन इट म्हणजे नुसते केस. आणि आजी, ग्रँडमामा, जी ट्रिपला येत नाही, घर सांभाळायला म्हणून मागे राहते आणि सगळे गेले रे गेले की घरात दणकून पार्टी करते. हे ऐकल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा चष्मा लावला.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेत याला पीजी सर्टिफिकेट आहे, म्हणजे मोठ्यांनी सोबत बसावं असं. माझं मत विचाराल तर सहा सातच्या खाली नको. रक्तबंबाळ काही नाही पण बहीण भावाचा छळ करते, स्फोट होतात, काकाचं हळूहळू ऑक्टोपस होत जातं आणि शेवटी शेवटी राक्षस टाइप मारामारी आहे. घाबरट पोरगं असेल तर आधी आपण एकट्याने तो शेवटचा भाग बघून ठेवा.

भाषेचं काय ते तुमचं तुम्ही बघा. आम्ही इंग्रजीतच लावला, भाच्याला कळतं, पोरीला निम्मं कळतं, सासूबाईंना मी सांगत होते. चालू पिक्चरमधे भाषांतर करायला जाऊ नका, पुढचा डायलॉग जातो आणि सगळेच चिडतात. थांब्यावर पॉज केलं की तेव्हा सगळं सांगायचं.

पहिला पॉज: घर सोडायच्या आधी

सुरुवातीला शाळेचं विज्ञान प्रदर्शन आहे. वेन्सडे काय करते तर आपल्या पाळलेल्या ऑक्टोपसची अक्कल फेस्टरकाकात घालते आणि काका चक्क रुबिक क्यूब सोडवतो. खरं तर पहिला नंबर हिचाच, पण तिथे सगळ्याच मुलांना बक्षीस देतात, कोणीच हरलं नाही म्हणून. बुधवारबाईंचं डोकं फिरतं. इथे थांबा. कारण हा विषय आपल्या पोरांना अगदी जवळचा आहे, उन्हाळी शिबिरात शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच सर्टिफिकेट मिळतं ना, सगळ्यांनाच मेडल. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, बरोबर आहे का? भाचा म्हणाला मग पहिला नंबर काढायचाच कशाला, पोरगी म्हणाली पण मला मेडल मिळालं तेव्हा मला आवडलं होतं. दोघांचंही बरोबर. मी निकाल दिला नाही, तुम्ही पण देऊ नका, पुढे पिक्चर बघा.

इथेच ऑक्टोपसची माहिती द्यायची. तीन हृदयं, रक्त निळसर, कारण आपल्या रक्तात लोह असतं तसं त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनात तांबं असतं, आणि मेंदूच्या पेशींपैकी साधारण दोन तृतीयांश डोक्यात नाही तर आठ हातांत असतात. म्हणजे प्रत्येक हात थोडाफार स्वतःच विचार करतो. हे सांगितल्यावर पुढे काकाला जे होतं त्याची गंमत तिप्पट होते. रुबिक क्यूब घरात असेल तर काढून ठेवा. एर्नो रुबिक या हंगेरीच्या माणसाने १९७४ ला तो बनवला, वास्तुकला शिकवायचा तो. आमच्याकडचा क्यूब तीन वर्षं एकच बाजू लागलेली असा पडून आहे, त्यावर कोणी बोलायचं नाही असं ठरलं.

पोरगी चिडलीय, जेवायला टेबलावर येत नाही, घरच्यांपासून लांब जातेय, म्हणून बाप उपाय काढतो तीन आठवड्यांची रोड ट्रिप. हे वाचताना ज्यांच्या घरात बारा तेरा वर्षांचं कोणी आहे त्यांनी मान डोलावली असेल. सगळ्यांना एका गाडीत कोंबलं की प्रेम वाढतं हा समज अमेरिकेत पण आहे, फक्त तिथे गाडी मोठी. गाडी म्हणजे कॅम्पर, आत झोपायची सोय असलेली, आपल्याकडे नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅन असतात साधारण तसलं धूड, आणि चालवणार लर्च.

थांब्यांवर काय करायचं

पूर्वेकडचे दोन थांबे आधी लावून घ्या, सेलम आणि नायगारा.

सेलम मॅसॅच्युसेट्समधलं. या गावात १६९२-९३ मधे चेटकीण म्हणून माणसांवर खटले चालले, १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड ठेवून ठेवून मारलं. आज तेच गाव चेटकिणींच्याच नावाने टुरिस्ट बोलावतं. लहान पोरांना एवढा तपशील नको पण भाच्याला मी सांगितलं, तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला आपल्याकडे पण करतात ना असं. करतात. महाराष्ट्रात २०१३ ला जादूटोणा विरोधी कायदा करावा लागला तो काय उगाच नाही. ॲडम्स कुटुंबाला सेलम का आवडत असेल हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही, त्यांना ते माहेरी गेल्यासारखं.

नायगाराला आलो की तुमच्याकडच्या कपाटातले अल्बम काढा. ज्या मराठी घरातलं कोणी अमेरिकेत आहे त्या घरातल्या आईबाबांचा नायगाराला प्लास्टिकचा निळा रेनकोट घालून काढलेला फोटो असतोच असतो, नसेल तर तुम्ही मला दाखवा. अमेरिकेच्या बाजूने बोटीत बसलं की निळा रेनकोट मिळतो, कॅनडाच्या बाजूने लाल. आमच्या सासूबाईंचा निळा. त्यांनी पिक्चर पॉज करायला लावून दहा मिनिटं ती ट्रिप सांगितली, त्यात ठेपले किती नेले होते हे पण आलं. हेच तर पाहिजे असतं. माहिती म्हणून, तिथे खरं तर तीन धबधबे आहेत, सगळ्यात मोठा घोड्याच्या नालेसारखा, साधारण ५७ मीटर उंच. आणि १९०१ मधे ॲनी एडसन टेलर नावाची मास्तरीणबाई आपल्या ६३व्या वाढदिवसाला लाकडी पिंपात बसून त्यावरून खाली गेली आणि जिवंत बाहेर आली. पोरांना पिक्चरपेक्षा ही गोष्ट जास्त आवडली, साहजिक आहे.

मग मायामी, पार खाली फ्लोरिडात. इथे कझिन इट भेटतो आणि गाडीत बसतो. त्याचा आवाज स्नूप डॉग या रॅपरचा आहे पण बोलणं किचकिचाट आहे, एक अक्षर कळत नाही. या सगळ्या भागात पग्ज्लीला मुलींशी बोलायला काका शिकवतो आणि जे व्हायचं ते होतं. वेन्सडे भावाचं बाहुलं करून त्याला पाहिजे तसा नाचवते, हे बघून तुमच्या घरातली भावंडं प्रेरणा घेतील, सॉफ्ट टॉय लपवा.

मायामीहून सॅन अँटोनियो, टेक्सास. इथे मी सगळ्यांना धागा मोजायला लावला. रस्त्याने साधारण २२०० किलोमीटर आहे हे एकच अंतर, मुंबई ते दिल्ली १४०० च्या आसपास, म्हणजे दिल्लीला जाऊन परत निम्म्याच्या पुढे यायचं. आणि न्यूयॉर्कहून कॅलिफोर्निया सरळ गाडी हाणली तरी साडेचार हजार किलोमीटरच्या वर जातं. आपला श्रीनगर ते कन्याकुमारी हायवे साधारण ३,७०० चा. पिक्चरमधे हे सगळं दोन सेकंदात होतं, गाडी डावीकडून आली उजवीकडे गेली, त्यामुळे पोरांना अमेरिका म्हणजे पुणे ते महाबळेश्वर वाटते. धागा लावला की कळतं. घड्याळाचं पण इथेच सांगा, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार वेळा चालतात, पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा तर कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ. भाच्याने विचारलं मग गाडीतलं घड्याळ रोज मागे करायचं का, म्हटलं हो जवळपास.

सॅन अँटोनियोला लहान मुलींची सौंदर्यस्पर्धा आहे, मिरचीच्या नावाची, आणि बुधवारबाई तिथे स्टेजवर. गोड गोड गुलाबी मुलींमधे ही काळी बाहुली. पिक्चरमधला माझ्या मते सगळ्यात जमलेला प्रसंग, इथे अजिबात पॉज करू नका, बोलू पण नका, जे होतं ते होऊ द्या. नंतर हसून झालं की मग चहा.

वाटेत कुठेतरी बाइकवाल्यांचा बार लागतो आणि आतापर्यंत नुसता गुरगुरणारा लर्च तिथे 'आय विल सर्व्हाइव्ह' म्हणतो. हे गाणं १९७८ चं, ग्लोरिया गेनरचं. आवाज वाढवा.

पहिला दिवस इथेच संपवा

खरंच सांगते, सॅन अँटोनियोनंतर बंद करा. पोरं ओरडतील. ओरडू द्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्या झाल्या स्वतःच येऊन बसतात, टिकल्यांचं पाकीट घेऊन. एकदाच आम्ही थोडं पुढे गेलो होतो कारण भाचा रडकुंडीला आला होता, आणि मग लाईट गेली आणि बरोबर महत्त्वाच्या जागी अडकलो, रात्री नऊपर्यंत दोघं पुढे काय होणार ते एकमेकांना खोटं खोटं सांगत होते. तसं बघितलं तर तेही वाईट नव्हतं.

खायचं काय हा प्रश्न येणारच. रोड ट्रिप आहे तर प्रवासाचंच खायचं, ताटात नाही, डब्यात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून, चिवडा. थर्मासमधे पन्हं. सोफ्यावर मागे पुढे असे बसा, पुढे दोघं मागे दोघं, आणि ज्याची पाळी तो ड्रायव्हर म्हणजे रिमोट त्याच्याकडे. सासूबाई खिडकीची जागा मागत होत्या.

आता ती नाजूक गोष्ट

हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण पिक्चरच्या डब्यावर कोणी सांगत नाही. या ट्रिपमधे एक वकील त्यांच्या मागे लागलेला असतो. त्याचं म्हणणं, वेन्सडे ही गोमेझ-मॉर्टिशियाची मुलगी नाहीच, दवाखान्यात जन्मतःच बाळांची अदलाबदल झालीय, डीएनए टेस्ट करा. आणि वेन्सडेला तसंही वाटतच असतं की मी या घरात फिट होत नाही. त्यात फेस्टरकाका कबूल करतो की तिच्या जन्माच्या रात्री मी बाळांच्या खोलीत शिरून बाळं चेंडूसारखी वर उडवत खेळलो होतो, कोणतं कुठे ठेवलं आठवत नाही. जोक म्हणून भन्नाट आहे. पण मुलाच्या मनात तो प्रश्न राहतो.

आता आपल्याकडे काय असतं, प्रत्येक घरात एक काका किंवा मामा असतो जो पोरांना सांगतो, तुला आम्ही बोहारणीकडून जुन्या साड्या देऊन घेतलंय. मला पण सांगायचे. मी सात वर्षांची असताना बोहारीण आली की मी पलंगाखाली जाऊन बसायचे, परत न्यायला आली वाटून, आणि घरात सगळे हसायचे. हा जोक ज्या घरात चालतो त्या घरात पिक्चरच्या आधी तो निदान महिनाभर बंद ठेवा. पिक्चर बघताना पोरं आरशात बघतात, माझं नाक कोणासारखं, हे कोणाकडून आलं. माझ्या पोरीने विचारलंच, आई मी तुझ्यासारखी कुठे दिसते. हसण्यावारी नेऊ नका. मी पॉज केलं, अल्बम परत काढला, तिच्या आत्याचा आठ वर्षांचा फोटो दाखवला, सेम टू सेम. झालं तिचं समाधान.

पण ज्या घरात मूल दत्तक आहे, किंवा सोबत बघायला येणाऱ्या पोरांत कोणी असेल, तिथे वेगळं. तिथे पिक्चर आधी मोठ्यांनी एकट्याने पूर्ण बघा आणि मग ठरवा. पिक्चरमधे 'रक्ताची' असणं नसणं हाच मुख्य प्रश्न करून ठेवलाय, आणि कुटुंब म्हणजे फक्त रक्त नाही हे तो म्हणतो की नाही म्हणतो ते मला नीटसं कळलं नाही, दोन्हीकडे पाय आहेत त्याचे. माझ्या एका मैत्रिणीने आपल्या दत्तक मुलीला आधीच सगळं सांगितलेलं आहे, तिने आरामात बघितला, उलट मुलगीच म्हणाली ही वेन्सडे उगाच एवढी टेन्शन घेते. पण ज्यांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही त्यांनी तो विषय कार्टून बघता बघता निघू देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

डीएनए टेस्ट कशी करतात हे मोठ्या पोराला सांगायला हरकत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, त्यातल्या पेशींमधून डीएनए काढतात, आणि मुलाच्या डीएनएतला अर्धा आईचा अर्धा बापाचा, तो जुळतो का बघतात. भाचा लगेच कान साफ करायचे बड्स घेऊन आला. म्हटलं ठेव ते.

दुसरी दुपार, पश्चिमेकडे

ग्रँड कॅनियन, ॲरिझोना. पग्ज्ली आणि स्फोटकं आणि एवढी मोठी दरी म्हणजे काय होणार हे पोरं आधीच ओळखतात. इथे पॉज करून मी एक हिशोब घातला. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर. ग्रँड कॅनियन सर्वात खोल जागी १,८०० मीटरच्या वर. म्हणजे समुद्रापासून मोजलेलं अख्खं कळसूबाई त्या खड्ड्यात उभं केलं तरी देवीच्या देवळाचा कळस वर दिसणार नाही. लांबी ४४६ किलोमीटर. आणि हे सगळं कोलोराडो नदीने कापलंय, पन्नास साठ लाख वर्षं घासत बसून. दोघांनी एकदम 'बापरे' केलं, मागच्या वर्षीच आम्ही कळसूबाई चढलो होतो आणि शिड्यांवर दोघं रडले होते त्यामुळे ती उंची त्यांच्या पायात आहे. तुम्ही जिथे चढलाय ते डोंगर वापरा, नुसते मीटर सांगून पोरांना काही कळत नाही.

डेथ व्हॅलीला मात्र खरी मजा आली. झालं काय की भाचा चंद्रपूरचा आहे आणि आल्यापासून आमच्या उन्हाला हसत होता, आत्या हे काही ऊन आहे का, आमच्याकडे तर एप्रिलमधेच पंचेचाळीस होते. दोन आठवडे ऐकत होते मी. मग डेथ व्हॅली आली, पॉज केलं, आणि सांगितलं, १० जुलै १९१३, फर्नेस क्रीक, ५६.७ डिग्री सेल्सिअस, जगातला सर्वात जास्त तापमानाचा अधिकृत विक्रम. काही हवामानतज्ज्ञ त्या जुन्या आकड्यावर शंका घेतात हे मी त्याला लगेच सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला मग तिथे लोक राहातात कशाला? हाच प्रश्न मी चंद्रपूरबद्दल माझ्या भावाला विचारते. याच दरीत समुद्रसपाटीपासून ८६ मीटर खाली असलेली जागा आहे, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खालची. आणि गंमत म्हणजे ॲडम्स कुटुंबासाठी डेथ व्हॅली हे नाव म्हणजे थंड हवेचं ठिकाण असल्यासारखं.

यानंतर कथा कॅलिफोर्नियात जाते, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटोला, गोल्डन गेट पुलाच्या पलीकडचं गाव. शेवटची टिकली इथे. त्याच्यापुढे पिक्चर सलग चालू द्या, पॉज बिज काही नको, कारण इथून ट्रिप संपते आणि मारामारी सुरू होते. कथेत एक शास्त्रज्ञ पण आहे, तो कोण, त्याला काय पाहिजे, ते मी सांगत नाही. पण खरं सांगायचं तर हा अर्धा तास मला सगळ्यात कंटाळवाणा वाटला, बाकी रस्ताभर जी धमाल होती ती इथे नेहमीच्या आदळआपटीत गेली. पोरांना मात्र हाच भाग आवडला, त्यामुळे माझं ऐकू नका. एवढंच लक्ष ठेवा की सुरुवातीला ऑक्टोपसची जी माहिती सांगितली ती इथे कामाला येते.

बघून झाल्यावर

लगेच बंद करून अभ्यासाला बसा म्हणू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी १९६४ च्या सिरीयलचं सुरुवातीचं संगीत ऐकवलं, व्हिक मिझी यांचं, ते चुटक्यांचं. ती चुटकी बरोबर जागी वाजवणं हा अर्ध्या तासाचा खेळ आहे. माझ्या पोरीला चुटकीच वाजवता येत नव्हती, आता येते, सासूबाईंनी शिकवली.

मग स्वतःच्या कुटुंबाची ॲडम्स फॅमिली काढायला सांगा कागदावर. कोण गुरगुरतो, कोण नुसते केस आहे, पार्टी करणारी आजी कोण. माझ्या नवऱ्याचा लर्च झालाय, नाराज आहे तो.

एक सावधान. पोरं लगेच नेटवर वेन्सडे शोधतात आणि त्यांना २०२२ ची 'वेन्सडे' सिरीज सापडते. ती खऱ्या माणसांची आहे, खून बिन आहेत, मोठ्या पोरांसाठी ठीक, आठ वर्षांच्या पोरीला नको. लॉक लावून ठेवा आधीच, नंतर पासवर्ड बदलून काही होत नाही, आमच्याकडे तो भाच्याला माझ्या आधी माहीत असतो.

आणि हो, नकाशा. सेलोटेपने भिंतीवर लावू नका. टिकल्या कागदावर असतात त्यांचं काही नाही, पण चार कोपऱ्यांच्या सेलोटेपबरोबर भिंतीचा रंग पोपडा धरून निघतो. दाराच्या मागे लावा, नाहीतर फ्रीजला चुंबकाने. आमच्या हॉलमधे फ्लोरिडाच्या खाली जिथे समुद्र होता तिथला पांढरा ठिपका आता कॅलेंडरने झाकलाय, आणि महिना संपला की पान उलटायच्या आधी सासूबाई म्हणतात, हळू, मायामी दिसेल.